हॉलभर गोधड्या

८ मार्च

ती. दादास,
ठमीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. हात रिकामा नव्हता हे माझं नेहमीचं कारण, पण या वेळी ते खरं आहे. घरात एकाच वेळी चार गोधड्या चालल्या आहेत. चार! वहिनीला सांग, म्हणजे ती कपाळाला हात लावेल आणि नंतर गुपचूप कपड्यांचं बोचकं पाठवून देईल.

पहिली वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या होणाऱ्या बाळाची. पिवळी-पांढरी, इवलीशी. तिची फक्त कड मुडपायची राहिली आहे. दुसरी षटकोनी तुकड्यांची. प्रत्येक तुकडा कागदाच्या षटकोनावर दुमडून टाचायचा, मग कडेला कड शिवायची. कागद कुठून आणले म्हणशील तर छापखाना बंद पडला तेव्हा मी मुद्रितांचा गठ्ठा घरी आणला होता ना, तो शेवटी कामी आला. एवढी वर्षं ज्या कागदांतल्या चुका काढल्या, तेच आता सुईने भोसकते आहे. फार बरं वाटतं.

तिसरी मात्र बघण्यासारखी होणार. लांब पट्ट्यांची, दोन माणसांच्या पलंगाची. हॉलमधले ते जाड तपकिरी पडदे आठवतात? तू त्यांना थिएटरचे पडदे म्हणायचास. ते मी कापले. पहिली कात्री भीत भीत लावली, पण कडेला कधी ऊन न लागलेला जो रंग निघाला तो बघून नाचावंसं वाटलं. मग धीर चेपला आणि सोफ्याच्या खोळीही गेल्या. गालिचा गुंडाळून कपाटावर टाकला, कारण त्यात टाचण्या हरवत होत्या आणि पायाला सापडत होत्या. आता हॉलमध्ये स्वच्छ फरशी आणि त्यावर ऐसपैस मी. चौथी उरल्यासुरल्याची आहे, तिचं काय होईल ते तिचं तिला माहीत.

बाबा बरे आहेत, म्हणजे तब्येतीने. पण अलीकडे गप्प असतात. कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये टाकून दिलं आहे. विचारलं तर म्हणाले, त्यात सगळं नुसतं खणखणतं. चहा घेतात, पेपर वाचतात आणि आपल्या खोलीत जाऊन बसतात. दिवसाकाठी चार शब्द बोलले तर खूप. आम्ही एकमेकांशी पाटीवर लिहून बोलतो. डॉक्टर म्हणाले, वय झालं, कान आणखी गेले असतील. मला काळजी वाटते, पण काय करावं सुचत नाही. फोन तर नकोच. तू तिकडून ओरडतोस, ते इकडून ओरडतात आणि सगळ्या जिन्याला आपल्या घरची खबरबात कळते.

वहिनीला नमस्कार. निळ्या रंगाचं काहीही असेल तर फेकू नका. माया आहे तशी असू द्या, थोडी जास्त झाली तरी चालेल.

तुझी,
ठमी

१५ मार्च

चि. ठमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझा उत्साह वाचून आनंद झाला, पडद्यांची कत्तल वाचून धक्का बसला. पण छापखाना गेल्यावर तू कशी झाली होतीस ते मी बघितलं आहे. तेव्हा काप बाई, काय कापायचं ते काप. खिडकीच्या चौकटी तेवढ्या ठेव.

मला बाबांचं बोलायचं आहे. हे पत्र त्यांनाही दाखव, यात लपवण्यासारखं काही नाही. दिवसाला चार शब्द म्हणजे फार झालं. ज्या माणसाने आयुष्यभर गाडीचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगितला, गॅरेजमध्ये ज्यांच्या गप्पांपुढे कोणाचं काही चालायचं नाही, तो माणूस खोलीत भिंतीकडे बघत बसतो हे मला सहन होत नाही. तू दिवसभर शिवणात असतेस. तुला दोष देत नाही, पण घरात बोलायला माणूस हवं. इथे मी आहे, वहिनी आहे, मुलं येऊन-जाऊन असतात. मागची खोली मी रिकामी करून घेतली आहे. खिडकी रस्त्यावर उघडते आणि समोर एक गॅरेज आहे, हे मी मुद्दाम बघितलं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मी त्यांना न्यायला येतो. काही दिवसांसाठी नाही, कायमचं. त्याआधी त्यांचं मशीन एकदा तपासून घे.

वहिनीने बोचकं बांधलं आहे. त्यात माझा एक शर्ट आहे, तो मी अजून वापरतो, हे तिला पटवून दे. आमच्यावर जीव लावलेला राहू दे.

तुझा,
दादा

२२ मार्च

ती. दादास,
ठमीचा सा. न. वि. वि.

बोचकं मिळालं. तुझा शर्ट उघडल्या उघडल्या कापला. वहिनीची चिठ्ठी होती, की कॉलर पार विरली आहे, मागे वळून बघू नकोस.

तुझं पत्र बाबांना दिलं. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, बरं. एवढंच. दुसऱ्या दिवशी बघते तर पान्यांची पेटी पलंगाखालून काढून पुसत बसले होते. म्हणजे जायची तयारी.

मला ते जायला नको आहेत, दादा. हे मी तुला स्पष्ट लिहिते, त्यांना म्हणायची माझी टाप नाही. राहा म्हणून आग्रह करावा तर कशाच्या जोरावर? तुझ्या घरी माणसं आहेत, इथे मी आणि चिंध्या. ते हो म्हणाले आहेत, तर मी मध्ये आडवी येणार नाही. पण मन थाऱ्यावर नाही एवढं खरं.

त्या नादात सुई मात्र भराभर चालते. बाळाची गोधडी पुरी झाली. षटकोनांची फुलं जोडून त्यांचा ताटवा झाला आहे. पट्ट्यांच्या गोधडीचा वरचा थर तयार आहे, आत जुनं ब्लँकेट घालून कच्चे टाके मारायचे आहेत. मंगळवारी बाबांना घेऊन कानाच्या मशीनवाल्याकडे जाऊन येऊ.

आठवण ठेवा आणि रागावलात तरी प्रेमाने रागवा.

तुझी,
ठमी

२९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बसून वाच. वहिनीलाही बसव.

मंगळवारी मशीनवाल्याने बाबांचं मशीन साफ केलं, नवा सेल घातला आणि कानात बसवून दिलं. घरी येईपर्यंत काढायचं नाही असं मी पाटीवर लिहून बजावलं होतं. घरी आलो. आदल्या दिवशी मला चारही गोधड्या एकत्र बघायच्या होत्या आणि फरशी पुरेना, म्हणून मी हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून त्या टांगल्या होत्या. गुडघे दुखायला लागले म्हणून गालिचाही खाली काढून पसरला होता. सोफ्यापाशी जायचं तर वाकून, गोधड्यांखालून. बाबा बिचारे गेले तसे आणि बसले.

मी पलीकडे पट्ट्यांच्या गोधडीमागे उभी होते आणि माझं मलाच पुटपुटत होते, की निळा कमी पडतो आहे, आता निळा कुठून आणू. तर गोधडीच्या पलीकडून बाबा म्हणाले की गॅरेजमधला माझा निळा डगला आहे, तो घे, नुसता टांगून काय करायचा.

दादा, मी पुटपुटले होते. तोंडात टाचण्या होत्या. आणि त्यांनी ऐकलं.

मी गोधडीखालून डोकं काढून बघितलं, तर त्यांचा चेहरा माझ्याहून चकित. मग त्यांनी सूत्रं हातात घेतली. आधी मला तिथूनच बोलायला लावलं, मग स्वयंपाकघरात नेऊन बोलायला लावलं. तिथे भांडी आणि भिंती, नुसता कलकलाट, म्हणाले. परत हॉलमध्ये. मग इंजिनातला एकेक प्लग काढून बघावा तशी त्यांनी माझ्याकडून एकेक गोधडी उतरवून घेतली. बाळाची काढली, फरक नाही. षटकोनांची काढली, शब्दांची टोकं बोथट झाली म्हणाले. पट्ट्यांची काढली आणि गालिचा गुंडाळला, तर त्यांनी हात वर केला. संपलं. खणखणाट. सगळं परत लावलं तर मी कुजबुजले तरी कळतं! आम्ही दिवे लागेपर्यंत बोलत बसलो. कधीच्या तुंबलेल्या गप्पा होत्या. त्यांनी मला तुझ्या पहिल्या सायकलची खरी हकिगत सांगितली, ती मी पत्रात लिहीत नाही.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हॉल उघडाबोडका कोणी केला? मीच. पडदे मी कापले, खोळी मी कापल्या, गालिचा मी गुंडाळला. ते गप्प झाले ते तेव्हापासून. मला वाटलं वय झालं, डॉक्टरांना वाटलं वय झालं, आणि मी मजेत शिवत होते. बाबांना विचारलं, तर असेल म्हणाले आणि डगल्याच्या गुंड्या कापायला बसले.

आता मला माहीत नाही की ते येणार आहेत की राहणार. पान्यांची पेटी त्यांनी दाराशी आणून ठेवली आहे, ती अजून तिथेच आहे. मी विचारलं तर ते माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देतील. तू विचार. तू थोरला आहेस, तुला खरं सांगतील. जे सांगतील ते मला मान्य, फक्त मला लगेच कळव.

जीव टांगणीला लागला आहे, तेवढं ओळखून लोभ करा.

तुझी,
ठमी

४ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

गोधड्या टांगल्या की ऐकू येतं, हे मी एखाद्या दुसऱ्याच्या पत्रात वाचलं असतं तर हसलो असतो. तुझ्या पत्राला हसलो नाही. वहिनीने तर त्याच दिवशी आमच्या हॉलमध्ये दोन रजया टांगल्या. परिणाम असा, की मी जेवताना काय पुटपुटतो ते तिला आता स्वच्छ ऐकू येतं. तुझ्या शोधाने माझ्या संसाराचं वाटोळं होणार आहे.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. पडदे कापले तर कान जातील, हे कोणाच्या स्वप्नात येणार होतं?

बाबांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. सरळ विचारलं आहे, की यायचं आहे का. एक खरं सांगतो. मी फक्त काळजीपोटी त्यांना बोलावत नव्हतो, ठमे. मला ते इथे हवे होते. त्या मागच्या खोलीत मी एक खुर्ची आणून ठेवली आहे आणि संध्याकाळी कामावरून आलो की त्या खुर्चीकडे बघतो. तेव्हा ते नाही म्हणाले तर मला वाईट वाटेल, हे तुलाही माहीत असू दे. पण ते म्हणतील ती पूर्वदिशा.

वहिनीचं म्हणणं, षटकोनांची गोधडी कोणालाही द्यायची नाही. आपुलकी कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
दादा

९ एप्रिल

चि. दादास,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ठमीला मी ते दाखवलेलं नाही, पण हे लिहून झालं की दाखवणार आहे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चहा उकळत असल्याचं सोंग करते आहे. गॅस लावलेला नाही.

तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगतो. पडदे उतरले त्याच दुपारी मला कळलं होतं. आयुष्य पत्र्याच्या शेडमध्ये गेलं, रिकामी टाकी कशी वाजते हे मला कोणी शिकवायला नको. पडदे परत लाव म्हटलं असतं तर तिने निमूट लावले असते. पण ती सहा महिने अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडलेली होती, ते तू चार दिवस येऊन बघितलंस, मी रोज बघितलं. मग एका सकाळी तिने शिलाई मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं आणि केस विंचरले. त्यानंतर पडदे काय, तिने माझी पँट मागितली असती तरी दिली असती. कान तसेही जुनेच होते. मी मशीन काढून ठेवलं आणि खोलीत गेलो, म्हणजे तिला वाटू नये की तिच्यामुळे काही झालं.

तुझ्या पत्राला बरं म्हणालो तेही याच हिशेबाने. मी गेलो की तिला सगळं घर पसरायला मोकळं. टांगलेल्या गोधड्यांनी कान परत येतील, हे मात्र मलाही सुचलं नव्हतं. तेवढी अक्कल असती तर आधीच दोऱ्या बांधून दिल्या असत्या. आता भिंतीला पक्के खिळे मारले आहेत. बाळाची गोधडी वर पोचली. तिच्या जागी माझ्या निळ्या डगल्याची पाचवी चालू आहे. तिचे कच्चे टाके मी मारतो. ठमी म्हणते वाकडे येतात. पण उसवत नाही, तसेच ठेवते.

तुझ्या खुर्चीचं वाचून मला फार वाईट वाटलं. तू लहानपणापासून मागत नाहीस, नुसती तयारी करून ठेवतोस. खुर्ची ठेव. पावसाळा संपला की मी महिनाभर येऊन बसेन, समोरच्या गॅरेजवाल्यालाही सांगून ठेव. वहिनीला म्हणावं, रजया काढू नकोस. पण रविवारी तू येशील तो मला न्यायला नको, राहायला ये. आणि ओरडू नकोस, इथे आता गरज नाही.

मी इथून कायमचा हलणार नाही. का, ते ठमीला कळू नये असं आधी वाटलं होतं, पण वाचू दे. ती शिवताना गाते. इतके दिवस ओठ हलताना दिसत होते आणि मी मनाशी म्हणायचो, पोरगी काय सुरेख गात असेल. आता ऐकू येतं. अत्यंत बेसूर गाते, दादा. एक ओळ सोडून दुसऱ्या गाण्यात जाते आणि तिला पत्ता नसतो. मी सोफ्यावर बसून सगळं ऐकतो.

आशीर्वाद आहेतच, तुझा जिव्हाळा असाच ऐकू येत राहो.

तुझे,
बाबा