देवघर सत्यवतीच्या स्वाधीन

सत्यवती, लग्नानंतरच्या तुझ्या पहिल्या उन्हाळ्यात आपण दोघी मागीलदारी रातांबे फोडत बसलो होतो. माझी बोटे अडखळताना पाहून तू म्हणालीस, "वैनी, तुमच्या कॉन्व्हेंटात ह्या शिकवूक नाय?" मी म्हटले, "नाय गो, थंय जाम आयतो गावता." तू इतकी हसलीस की माजघरातून भाई खाकरले.

मी, सुशीला रविकांत मयेकर, वय एकसष्ट, राहणार मालवण, विधवा, निपुत्रिक, हे अंथरुणात बसून पण पुऱ्या शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. माझे मोठे दीर भाई काल उशाशी बसून म्हणाले, "तुझ्यामागे सत्यवतेक रेडीक धाडतलंय, म्हायारी." म्हणून ही घाई.

१) यजमानांनी बक्षीसपत्राने मला दिलेला घराचा अर्धा भाग, देवघर व त्यातील देवांसह, माझे धाकटे दीर कै. शंकर यांची पत्नी सत्यवती हिला द्यावा. तिला तेथून कोणी उठवू नये.

२) याचे कारण लिहून ठेवणे मला भाग आहे. १९५१ च्या नारळी पौर्णिमेला भाईंनी समुद्राला द्यायचा नारळ कुंकू लावून ठेवला होता. नारळीभाताच्या गडबडीत तो मी फोडला, आणि ढिगातला दुसरा कुंकू लावून त्या जागी ठेवला. दोन महिन्यांनी आमचा मचवा देवगडसमोर बुडाला. शंकरभावजी परत आले नाहीत. भाईंना नारळ बदललेला वाटला होताच. ग्रामदेवीला कौल लावला: नारळात चूक झाली का? पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे होय. चूक कोणाची, हे देवीला कोणी विचारलेच नाही. ते माणसांनी ठरवले. त्या पौर्णिमेला स्वयंपाकघर सत्यवतीकडे होते. भाई म्हणाले, "आजपासून ह्या बायन देवाक हात लावचो नाय." तिने मला नारळ फोडताना पाहिले होते. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. मी गप्प राहिले.

दुःख का येते, हे इतकी वर्षे पूजा करूनही मला नीट कळलेले नाही. प्रारब्ध असेल. पण ते ज्याचे त्याने देवापुढे मान्य करावे, दुसऱ्याच्या कपाळावर वाचू नये. देवी आई आहे. नारळासाठी ती लेकरू बुडवील, हे मी मानत नाही. त्या वादळात ती शंकरभावजींजवळ होती, असे मी रोज दिवा लावताना स्वतःला सांगते. एखाद्या दिवशी पटते, एखाद्या दिवशी नाही. मात्र त्यानंतरची सत्यवतीची बारा वर्षे देवीने दिलेली नाहीत. ती आम्ही दिली. भाईंचा जीव मी ओळखते. धाकट्या भावाच्या मरणाला कोणीतरी कारण सापडल्याशिवाय त्यांना झोप येत नव्हती. ते कारण मी आहे, असे त्यांना वाटणार असेल तर वाटू दे.

३) माझ्या पाटल्या व पुस्तके भाईंची मुलगी आनंदी हिला.

४) शिवणयंत्र शेजारच्या नर्मदेला. तिने ते दोनदा मागितले आणि मी दोनदा खोटे सांगितले की बिघडले आहे.

५) देवगडची हापूसची आठ झाडे भाईंना. मात्र बाराव्या दिवशी जमलेल्या सर्वांपुढे त्यांनी हे मृत्युपत्र स्वतः मोठ्याने वाचावे, दुसरे कलम न गाळता, आणि मग सत्यवतीच्या हातून तीर्थ घ्यावे. न घेतल्यास झाडेही सत्यवतीची.

सही: सुशीला रविकांत मयेकर
साक्षीदार: गंगाराम शिवा तारी, यशोदा गुरुदास पराडकर
मालवण, १४ मार्च १९६३