परक्या चुलीचे कोरोक्के

धुळे, ३ मार्च १९४७

हे पलटणीतून सुटून आले त्याला आठवडा झाला. तीन वर्षं बाहेर, शेवटचं जपानात. आल्यापासून सगळं तिकडचंच. आज तर स्वतः चुलीपुढे बसले. एरवी पाण्याचा तांब्या हाताने घेतील तर शपथ! बटाटे उकडून कुस्करले, परतलेला कांदा, चपट्या लांबट वड्या, बेसनात बुडवून वर पावाचा चुरा, आणि तेलात. म्हणे कोरोक्के. तिकडे गल्लोगल्ली विकतात. चांगले लागले. तेच जास्त झोंबलं.

सासूबाई शिवल्या नाहीत. "मना चुल्हावर पाव नको," एवढंच.

कुणी शिकवलं, विचारलं. "एक बाई होती." आणि कढईत बघत बसले.

११ मार्च

गिरणीच्या फाटकासमोर गाडी लावणार म्हणतात. भजीवाला आहेच तिथे, म्हटलं. तर भजी कुणीही तळतं म्हणे. बटाटे सोलणार कोण? मी. वळणार कोण? मीच. वर शिकवणी. असं नाही दाबायचं, ती तळहाताने हलकेच...

ती! मी गोळा परातीत आपटला आणि उठले.

२० मार्च

गाडीचा फज्जा. पाव म्हटला की लोक हात मागे घेतात. पायाने तुडवून मळतात, असं कुणीतरी पसरवलंय. हे तोंड पाडून परत आले. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२३ मार्च

पोटाला तर लागतंच. ज्वारी-उडदाच्या कळण्याची शिळी भाकरी उन्हात कडक वाळवली, लसूण-मिरची घालून भरड कुटली, पावाऐवजी ती लावून कोरोक्के तळले. सासूबाईंनी दोन खाल्ले, तिसरा मागितला. यांनी अर्धा खाऊन ठेवला. तेलकट खाल्लं की छातीत जळजळतं म्हणाले.

५ एप्रिल

भाकरीची भरड लावल्यापासून दुपारची पाळी सुटली की गाडीपुढे झुंबड. यांना सगळे 'जपानवाले भाऊ' म्हणतात. भाकरी माझी, मिरची माझी, भाजलेली बोटं माझी, आणि नाव जपानचं. शेजारच्या अक्का कौतुकाने सांगायला आल्या, "तुना नवरानं डोकं भारी शे, माय." तोंड उघडलं असतं तर अक्कांनी दोन दिवस गल्लीभर तेच केलं असतं.

१९ एप्रिल

भरड संपली असेल म्हणून मी गाडीवर डबा घेऊन गेले. विक्री आटोपली होती. हे गाडीमागे, रस्त्याकडे पाठ करून खात उभे. पावाचा चुरा लावलेला. एकच, स्वतःपुरता. भजीवाला हसून म्हणाला, हा रोजचाच नेम. डोळे ओले होते यांचे.

माझ्या हातचा एकही पुरता खाल्ला नाही, आणि मी मेली जळजळीला ओवा देत होते! जळो तो ओवा. डबा तिथेच टाकून आले. संताप, संताप, दुसरं काही नाही.

२० एप्रिल

सासूबाई देवळात गेल्यावर पाव मीच जाऊन आणला. त्यांच्याच चुलीवर कोरोक्के केला. अगदी तसाच, तळहाताने हलकेच दाबून. यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, खा, आणि सांगा.

ताट बाजूला सरकवलं. मग सांगितलं. ती बंदरापाशी राहायची. नवरा, घर, सगळं लढाईत गेलेलं. घराबाहेरच तळून विकायची. हे आधी खायला जात, मग बसायला, मग... मी थांबवलं नाही. शेवटी मान खाली घालून म्हणाले, "मी तिले सांगेल शे, परत येसू."

तीन वर्षांपूर्वी निघताना स्टेशनावर मला सांगितलं होतं तेही हेच. शब्दसुद्धा बदलले नाहीत यांनी.

तसं तोंडावर म्हटलं. ताट तसंच राहिलं.

२१ एप्रिल

सकाळी नेहमीसारखे म्हणाले, वळायला घे, गाडी काढतो. मी बटाटे उकडायला लावलेले नाहीत. तिच्याकडे जायचंय तर जा, राहायचंय तर मला विचारून राहा, एवढं एकदाच बोलले. आता गाडीला हात लावून हे अंगणात उभे आहेत, आणि मी ओसरीवर लिहीत बसले आहे. चूल अजून पेटलेली नाही.