स्लॅबच्या दिवशीचं पाणी

बेलवली, बदलापूर (पश्चिम)

आदरणीय कोंडाजीमामा यांस,

भाचा बुद्धभूषण याचा मनापासून जय भीम. तुमचा गुडघा, मामींचा बीपी आणि दारातली लिंबोणी, तिघांचीही खुशाली कळवावी. इकडे आम्ही ठीक. (मोबाइल असताना पत्र कशाला, असं वाटेल. पण फोनवर तुम्ही "हां, बरं" म्हणता आणि मामींकडे देता.)

घडलं ते असं. माझी नात अस्मिता उल्हासनगरच्या कॉलेजात शिकते. तिला प्रोजेक्ट आला, 'अंबरनाथची औद्योगिक वसाहत कशी वाढली'. मी म्हटलं, त्यात शोधायचं काय, तुझ्या पणजोबांनी वाढवली. आमच्या आबांनी, म्हणजे सोमा मिस्तरींनी, पहिल्या कारखान्याची पहिली वीट रचली, हे मी चाळीस वर्षं लग्नात, बारशात आणि जयंतीच्या मिटिंगात सांगत आलोय. (ती वीट पहिली होती हे कोणी मोजलं, असं आमच्या हिने एकदा विचारलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.) तर शनिवारी अस्मिता आणि तिच्या दोन मैत्रिणी, असा लवाजमा घेऊन मी अंबरनाथला गेलो. एका उंच शेडसमोर उभा राहिलो आणि सुरू झालो. आधी इथे भातखाचरं होती, मग रंगाचे, औषधांचे, मशीनचे कारखाने आले, भोंगे आले, मग संप, मग टाळेबंदी, आणि आता सगळीकडे गोडाऊन. शांपू, मोबाइलची कव्हरं, कुत्र्यांची बिस्किटं. माझ्या नोकरीच्या काळात आत माल व्हायचा, आता नुसता राहतो. आणि ही शेड, असं म्हणून मी भिंतीवर हात ठेवला, ही आबांची. अस्मिताने रेकॉर्डिंग केलं. वीस मिनिटं झाली असतील, तेवढ्यात आतून पांढऱ्या कपड्यातले एक म्हातारे सिंधी गृहस्थ बाहेर आले आणि अगदी अदबीने म्हणाले, "भाईसाब, बोलता बहुत बढिया, पण ही शेड मी बांधली. बहात्तर साली."

मामा, मुली हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

गृहस्थांचं नाव हासानंद. वय चौऱ्याऐंशी. त्यांनी आम्हाला आत नेऊन पापड आणि पाणी दिलं (त्यांच्यात चहाच्या आधी ते येतं). सहा वर्षांचे असताना सिंधमधून आले, उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या बराकीत वाढले, अर्ध्या बराकीत झिप बनवायला लागले आणि पुढे इथे आले. आता त्यांनीही शेड गोडाऊनला दिली आहे. घरी सुना दिवसभर टीव्ही लावतात म्हणून इथे येऊन बसतात. म्हणाले, तुमची पहिली शेड मागच्या गल्लीत, चला दाखवतो. तिथल्या गेटवर वॉचमनने मला विचारलं, पिकअप की डिलिव्हरी? मी गडबडीत "वडील" म्हणालो. त्याने रजिस्टरमध्ये 'मालाचे वर्णन' या रकान्यात 'वडील' लिहिलं आणि सही घेतली.

आत खोक्यांचे डोंगर. हासानंद मात्र वर छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, हा स्लॅब पडला त्या दिवशी मी इथे होतो, आईबरोबर पापड विकायला यायचो. सत्तावन्नचा उन्हाळा. (म्हणजे आपल्या दीक्षेनंतरचा पहिलाच, हे मी मनात धरलं.) स्लॅबचं काम एकदा सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पिंपातलं पाणी बाकीचे हाताने घेत, आपल्या बायकांना मात्र वरून ओंजळीत ओतत. त्या दिवशी एका तरण्या बाईने सरळ पिंपाकडे हात नेला. मुकादम ओरडला. तिने भरलेलं घमेलं फळीवर ठेवलं आणि विचारलं, "आमच्या हातचं छत चालतं, मग पाणी का चालत नाही?" हासानंदांनी हे वाक्य मराठीत जसंच्या तसं म्हटलं. मग मागच्या बाईने घमेलं ठेवलं, तिच्या मागचीने ठेवलं, रांगच थांबली. मिक्सर फिरतोय, माल घट्ट होतोय, ठेकेदार घामाघूम. शेवटी तोच म्हणाला, घ्या बाई. तिने स्वतः डबडं बुडवलं, पोटभर प्याली, मागे दिलं. सगळ्या प्याल्या, मगच पुन्हा शिडी चढल्या.

अस्मिताने विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"भागीरथी. मुकादम दिवसभर तेच नाव घेऊन शिव्या देत होता."

मामा, माझी आई. तुमची अक्का. मला छताकडे बघवेना आणि नातीकडेही बघवेना. मी कसंबसं विचारलं, आणि सोमा मिस्तरी? पहिली वीट? हासानंदांनी बराच विचार केला. "मिस्तरी तो बहुत थे. एक दुबळा आदमी तिच्या मागे मागे फिरत होता, चल गं, काम जाईल, चल गं. वही होगा."

अस्मिता आता वसाहतीचा इतिहास त्या पिंपापासून लिहितेय. मी तिला पेन्सिली तासून देतो. मामींना जय भीम.

तुमचा,
बुद्धभूषण

ता. क. : पत्राचं खरं कारण. तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे होता, त्याच कामावर विटा वाहत होता, आणि अंगाने दुबळेच होता (फोटो आहे). तर तो "चल गं" म्हणणारा मनुष्य तुम्हीच होता, असं दोन ओळींत लिहून सहीनिशी पाठवाल का? आबांची तेवढी अब्रू राहील. तुमचं वय पाहता तुम्हाला आता काही फरक पडू नये.

ता. क. दुसरा : अस्मिताने वरचं वाचलं. म्हणते, असं काही लिहून घ्यायचं नाही, मामा-आजोबांना जे आठवतं तेच सांगू दे, मी स्वतः येते. ती रविवारी येईल. जाता जाता मला विचारून गेली, "आजोबा, तुम्ही पणजीला कधी विचारलंच नाहीत, तू काय काम करायचीस म्हणून?" मामा, आईला मी जन्मभर विचारत आलो. पण जेवायला काय आहे, एवढंच.