प. ना.

प्रिय सूनबाई,

तुझा प्रबंध काल वाचून संपला. तीनशे बारा पानांना अकरा दिवस लागले. तळटिपा इतक्या बारीक की तुझं भिंग घ्यावं लागलं. ते तू टेबलाच्या खणात विसरून गेली आहेस. बुधवारी तुझा नवरा तिकडे येईल तेव्हा भिंग आणि हे पत्र दोन्ही आणेल. पाकीट मी चिकटवलं आहे. तो मला म्हणतो, आई, गुरुवारी व्हायवा तिची आहे, तुझी नाही, एवढा अभ्यास कशाला. मी म्हटलं, घरातल्या माणसाने पाच वर्षं खपून लिहिलेलं घरात कुणी वाचलंच नाही, असं नको व्हायला. त्याने स्वतः चाळीस पानं वाचली आहेत. पुढे जाईल असं वाटत नाही. त्याला रागावू नकोस. ऋणनिर्देश त्याने दोनदा वाचला.

गाईडबाईंनी प्रबंधाचं नाव एवढं लांब केलं आहे की एका दमात म्हणता येत नाही. आपल्या घरात तो 'नाहीचा प्रबंध'च राहिला. लोक काय वाचतात यावर पुष्कळांनी लिहिलं असेल. लोकांनी काय मागितलं आणि त्यांना काय मिळालं नाही, यावर पीएच.डी. करायची हे तुझ्याच डोक्यात यावं. ते माझ्यामुळे आलं असं तू लिहिलं आहेस. मी तर तेव्हा गंमत सांगत होते. आपण दोघी शेंगा निवडत होतो आणि मी आमच्या लायब्ररीतल्या, देवघेवीच्या काउंटरवरच्या नकारवहीचा विषय काढला. वाचकाने मागितलेलं पुस्तक देता आलं नाही की त्या वहीत नोंद करायची: तारीख, सभासद क्रमांक, पुस्तक, आणि शेवटच्या रकान्यात कारण. वही कुणी उघडून बघत नसे. भरली की तळघरात जायची. तू हातातली शेंग तशीच धरून विचारलंस, "त्या वह्या अजून आहेत?" मी म्हटलं, उंदरांनी वाचून काढल्या असतील. त्या सोमवारी तू लायब्ररीच्या दारात उभी होतीस.

एकोणीस वह्या निघाल्या, मोडक्या खुर्च्यांच्या खालून. तू त्या कशा हाताळल्यास ते मी एकदाच पाहिलं. तुला डबा द्यायला आले होते. तळघराच्या पायऱ्या उतरले आणि मध्येच थांबले, कारण तुला माझी चाहूल लागली नव्हती. तू एक पान उलटलंस, त्यावरची धूळ ब्रशने एका कडेला नेलीस, भिंग लावलंस, लिहिलंस, पुन्हा भिंग लावलंस. एका नोंदीवर शाई फुटली होती. तेवढ्या एका आकड्यासाठी तू तीन रजिस्टरं काढलीस. मी त्या काउंटरवर चौतीस वर्षं बसले. आमच्या कागदाला इतक्या अदबीने हात लावताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. डबा पायरीवर ठेवून मी परत गेले. वर शिपायाने विचारलं, भिंगबाई जेवल्या का. तुझं नाव तिथे भिंगबाई पडलं आहे हे मला तेव्हा कळलं.

आणि नुसती मेहनत म्हणावी तर तसंही नाही. ढोरमेहनत मीही केली आहे. दुसऱ्या प्रकरणातला तो माणूस, ज्याने 'पाण्यावरचं पुस्तक' मागितलं. आमच्याकडच्या कुणीतरी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मागणी अस्पष्ट'. आम्ही त्यावर हसलोही असू. तू त्याच सभासद क्रमांकाच्या बाकीच्या मागण्या गोळा केल्यास, त्यातून तो नळजोडणी करणारा असावा हे ताडलंस, आणि दाखवून दिलंस की त्याला हवं ते पुस्तक दुसऱ्या मजल्यावर, पाण्याचा दाब या विषयाखाली, तेव्हा उभं होतं. खाली एकच वाक्य लिहिलंस. मागणी अस्पष्ट नव्हती, ऐकणं अस्पष्ट होतं. हे असं वाक्य लिहायला माणसाला किती वेळ गप्प राहावं लागत असेल.

नोकरी, घर, तुझ्या वडिलांचं आजारपण, सगळं सांभाळून तू हे केलंस हे लोक म्हणतीलच. शेजारीण आत्तापासून तुला डॉक्टरीणबाई म्हणते. मी तिला सांगितलं, डॉक्टरीण म्हणजे डॉक्टरची बायको. आमच्या घरात उलटं आहे, डॉक्टरणीचा नवरा आहे. ती हसली. पण तुझ्या या पाच वर्षांतलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच आहे. जिथे तुला माहीत नाही तिथे तू 'माहीत नाही' असं लिहितेस. मी मोजलं. सव्वीस ठिकाणी.

आता चौथं प्रकरण. तू नोंद करणाऱ्यांची नावं झाकली आहेस, नोंदकर्ता एक, दोन, तीन असं केलं आहेस. माझं अक्षर मला ओळखू येणार नाही का? नोंदकर्ता दोनबद्दल तू लिहिलं आहेस की अक्षर सर्वांत सुवाच्य, नोंदी सर्वांत नियमित आणि सर्वांत विश्वासार्ह. नोकरीत मला असं कुणी म्हटलं नाही. निरोपाच्या दिवशीसुद्धा नाही. तेव्हा सगळे माझ्या वक्तशीरपणाबद्दल बोलले. ते वाक्य वाचून मी उठले आणि चहा ठेवला. चहा उतू गेला.

त्याच प्रकरणात 'प. ना.' आहे. तुला ती दुपार आठवत असेल. तू स्वयंपाकघरात आलीस, हातात वहीच्या पानाचा फोटो, आणि विचारलंस, आई, कारणाच्या रकान्यात तुम्ही जागोजागी प. ना. लिहिलंय, म्हणजे काय? मी भांडी पुसत होते. म्हटलं, परत नाही. पुस्तक कुणीतरी नेलेलं आणि परत आलेलं नाही. तू तसं लिहून घेतलंस. त्या दोन अक्षरांवर तू प्रकरण उभं केलंस. नकारांचा पाचवा हिस्सा प. ना.; म्हणजे वाचक पुस्तकं अडकवून ठेवतात आणि दुसऱ्या वाचकाची वाट बंद करतात. दोष वाचकांच्या माथी गेला.

पण तू तू आहेस. तेवढ्यावर थांबली नाहीस. त्यातली जी पुस्तकं आजही शिल्लक आहेत ती काढून तू शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी तपासलीस. चाळीस पुस्तकं सापडली. त्यातली सदतीस त्या तारखांना कुणी नेलेलीच नव्हती. एकशे सातवी तळटीप. 'या तफावतीचं कारण सापडलेलं नाही. चिठ्ठ्या नंतर बदलल्या गेल्या असाव्यात. नोंदकर्ता दोन यांच्या सांगण्यावर अविश्वास दाखवण्यास आधार नाही.' सूनबाई, आधार होता. सदतीस पुस्तकं तुझ्यासमोर होती. अख्ख्या प्रबंधात तू एकाच ठिकाणी डोळ्यांपेक्षा माणसावर विश्वास ठेवलास, आणि ते माणूस मी निघाले. बाहेरून येणारे परीक्षक तळटिपांपासून वाचायला सुरुवात करतात असं तूच म्हणाली होतीस. त्यांचं बोट गुरुवारी तिथेच पडेल.

त्या तळटिपेत वाचक क्रमांक चारशे सतरा आहे. एकाच महिन्यात तिने एकच पुस्तक तीनदा मागितलं, नवरा-बायकोने वेगळं होण्याच्या कायद्याचं. तिन्ही वेळा प. ना. पुस्तकाला मात्र दोन वर्षांत कुणाचा हात लागलेला नव्हता. तू लिहितेस, या वाचकाचा पुढे माग लागत नाही. मला ती आठवते. शिवणकाम करायची. गळ्यातली मापाची टेप काढायची विसरून तशीच यायची. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, "कधी येईल परत, साधारण?" मी म्हटलं, सांगता येत नाही. ती काउंटरवर दोन्ही हात ठेवून थोडी उभी राहिली, मग आभार मानून गेली. चौथ्यांदा आली नाही. पुस्तक माझ्या पाठीमागे, तीन पावलांवर होतं.

मी बावीस वर्षांची असताना, पहिल्याच आठवड्यात, आमच्या ग्रंथपालांनी मला बाजूला घेऊन काम समजावलं होतं. नुसतं मागितलं म्हणून द्यायचं नसतं, मागणाऱ्याकडे बघायचं. ज्याला पचणार नाही त्याला सांगायचं, बाहेर गेलंय. आणि वहीत लिहायचं, प. ना. पचणार नाही. तेव्हा ती मला मोठी समजूतदार गोष्ट वाटली होती. आपण लोकांची काळजी घेतो आहोत असं वाटायचं. ते निवृत्त झाल्यावर मला ते बंद करता आलं असतं. मी आणखी अकरा वर्षं लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. अंगवळणी पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तू पीएच.डी.ला नाव नोंदवलंस, चाळिशी ओलांडल्यावर, तेव्हा सगळ्यांसमोर मी शाबास म्हटलं. मनात तुझ्या नावापुढे तीच दोन अक्षरं लिहिली. मग पाच वर्षं तुला बघत राहिले. तळघराच्या त्या पायरीवर मला पहिल्यांदा कळलं की मला माणसं ओळखता येत नाहीत. चौतीस वर्षं मी तेच काम करत होते.

फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जाऊ द्या आई, जुनी गोष्ट आहे. म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं तू जाऊ देत नाहीस हे मी पाहिलं आहे. हे पत्र बुधवारीच गाईडबाईंना दाखव. गुरुवारी परीक्षकांनी विचारायच्या आत तू सांग, आणि त्यांची परवानगी असेल तर हे पत्र परिशिष्टात जोड. नोंदकर्ता दोनच्या पुढे माझं खरं नाव घाल, झाकू नकोस. तुझं चौथं प्रकरण याने पडणार नाही, उलटं फिरेल, आणि ते फिरवणं तुला माझ्याहून चांगलं जमेल. नकारवहीचा एक नियम होता, तो मात्र मी कधी मोडला नाही. चुकलेलं खरवडायचं नाही, त्यावर कागद चिकटवायचा नाही. एका सरळ रेघेने कापायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. या पानाच्या पाठीवर मी तसंच केलं आहे. 'परत नाही' कापून 'पचणार नाही' लिहिलं आहे आणि सही केली आहे. त्याच्या खालच्या ओळीत तुझं नाव आहे, त्यापुढे प. ना., आणि तेही कापलं आहे. तिथे बरोबर काय ते गुरुवारनंतर तू लिही. तोवर ती जागा मोकळी ठेवते.

तुझीच,
नोंदकर्ता दोन