शुब्रातलं रिकामं घर

तांता, ३ मार्च १९८१

ती. आईस इन्साफचा सलाम. वि. वि.

लोणच्याची बरणी न फुटता पोचली. ह्यांना बढती मिळाली. गिरणीच्या साहेबांनी विचारलंय, कैरो की अलेक्झांड्रिया? महिनाअखेर कळवायचं आहे. ह्यांचं एकच टुमणं, कैरो. शाळा मोठ्या, डॉक्टर मोठे. मी म्हटलं, गर्दीही मोठी. आपली नशवा तर मांजर दिसलं तरी मागे जाते. तिथे हात सुटला तर पाच वर्षांची पोर कुणाला सापडायची? मला तुझ्याजवळच यायचंय. पुढच्या शुक्रवारी कैरोतल्या शुब्रा वस्तीत एक जागा बघायला जातोय, ह्यांचं मन राखायला. नापसंत करून येते.

नशवाचा पापा. लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझी इन्साफ


अलेक्झांड्रिया, ७ मार्च

चि. इन्साफ हिस अ. उ. आ.

जावईबुवांना म्हणावं, शाळा काय आमच्याकडे नाहीत? स्वतः कैरोत शिकले, तरी चहात साखर घातली की नाही हे तुलाच विचारतात. कैरोचा माणूस शेजाऱ्याच्या मयतालाही घड्याळ बघून जातो. इथे मी गॅलरीतून टोपली खाली सोडली की भाजीवाला न सांगता कोथिंबीर टाकतो.

माझ्या वरचा मजला रिकामा झालाय. घरमालकाला सांगून ठेवलंय, लेक येतेय, कुणाला दाखवू नकोस. डोक्यावर नशवाची धावपळ ऐकू आली की मला रेडिओ नको.

शुब्रात पोरीचा हात सोडू नकोस. आशीर्वाद आहेतच, त्यांना तिकीट लागत नाही.

आई


तांता, १४ मार्च

ती. आईस सलाम. वि. वि.

आधी हे वाच, नशवा सुखरूप आहे, माझ्या मांडीवर झोपली आहे. आता बाकीचं.

जागा तिसऱ्या मजल्यावर, उजेड चांगला. मी ठरल्याप्रमाणे नाक मुरडलं आणि दरवानाला किल्ली परत दिली. कोपऱ्यावर भाजक्या रताळ्यांची गाडी होती. पैसे काढायला हात सोडला, आणि वळून बघते तो पोर नाही. मी गाडीखाली वाकून बघितलं, तिथेही नाही. हे हाका मारत सुटले. रताळेवाल्याने गाडी टाकून, पोर हरवली हो भल्या माणसांनो, असा पुकारा केला.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एकीने विचारलं, निळा फ्रॉक ना? आणि हात करून दिशा दाखवली. पुढच्या गॅलरीतून दुसरीने हात केला, मग तिसरीने. ते हात बघत धावत पोचलो कुठे, तर त्याच इमारतीत, त्याच तिसऱ्या मजल्यावर! रिकाम्या खोलीत चटईवर नशवा बसलेली, पुढ्यात मुलुखियाची भाजी न् भात, भोवती शेजारच्या बायका.

झालं असं, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, हानी नावाच्या मुलाच्या आईने तिला रडताना पाहिलं. घर कुठे म्हणून विचारलं, तर पोर म्हणे तांतात, इथे घर बघायला आलोय. त्या बाईने गल्लीभर ओरडून विचारलं की रिकामी जागा कुणाकडे आहे, आणि दरवानाकडून कुलूप उघडवलं. मला म्हणाली, बाई, भिंती बघायच्या तेवढ्या बघा, पण पोरीकडेही लक्ष असू द्या. एकीकडे माझे डोळे पुसत होती, एकीकडे मलाच झाडत होती. वर म्हणे, तुम्ही जागा घ्या न घ्या, पोरीला आम्ही तिच्या घरी पोचवलंय.

ज्याची भीती होती तेच घडलं, आणि भीतीच गेली. काल परतताना आगगाडीत मीच ह्यांना म्हटलं, कैरो कळवा. तुझा वरचा मजला आठवून हात जड होतोय. राग राग कर, पण पत्र धाड.

तुझी इन्साफ


अलेक्झांड्रिया, १९ मार्च

चि. इन्साफ, जावईबुवा आणि नशवा, सगळ्यांस आशीर्वाद.

पहिली ओळ वाचली, पत्र बाजूला ठेवलं आणि आधी पाणी प्यायले. पोर सुखरूप आहे ना, मग कैरोत राहा नाहीतर चंद्रावर. रागावले, रडलेही, खोटं कशाला सांगू? घरमालकाला म्हटलं, वरची जागा दे आता कुणालाही, फक्त धावणारी पोरं असलेल्यांना दे.

तुम्ही राहायला गेलात की हानीच्या आईसाठी खारवलेली मासळी घेऊन येते. स्टेशनवर कुणी येऊ नका, गल्लीचं नाव तेवढं कळवा, घराचा पत्ता नको. गल्लीच्या तोंडाशी हरवल्यासारखी उभी राहीन आणि सांगेन, मी नशवाची आजी. बघू दे, मला कुठे पोचवतात.

लोभ असावा, दाराला कडी नसावी.

आई