आज कॅन्टीनला काय व्हतं

३ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. तनू सात महिन्यांची. सारखी ओढत व्हती अन् मला दूधच येईना. रडून तिचा आवाज बसला. मला लई भ्या वाटलं.

सासूबाई म्हणल्या, "एवढं कंपनीचं खातीस, जातंय कुठं ते?"

काय सांगू? कॅन्टीन हाय. पण ते कंपनीच्या माणसांना. आमी ठेकेदाराच्या बाया, आमाला कुपन न्हाई. बाकीच्या डबा आणत्यात. मी म्हणते, आज उपास.

४ फेब्रुवारी

हे खोटं मुद्दाम न्हाई केलं. रोडकडंचं वावर कंटेनर लावायला दिलं, त्याचं भाडं दोन महिने आलंच न्हाई. यांना कंपनीनं ब्रेक दिलाय, कायम करावं लागू नये म्हणून सात महिने झाले की घरी बसवत्यात. आदी घरचे गहू, घरची बाजरी, दावणीला गाय. आता पीठ पुड्यातलं. म्हणून मी कामाला निघाले. सासूबाईंनी इचारलं, "जेवण असतंय ना तिकडं?" मी व्हय म्हणले. मला तसंच वाटलं व्हतं.

"मग तुझ्या भाकऱ्या कमी टाकते," म्हणल्या.

पहिल्याच दिवशी गेटवर कळलं. पण घरी सांगितलं तर म्हणतील, बस घरी. मग पीठ कोण आणणार?

७ फेब्रुवारी, शनिवार

रोज इचारत्यात, आज काय व्हतं. इथं लिहून ठेवते, म्हंजे तीच भाजी परत नको. वही पिशवीतच ठेवते, यांच्या हाती लागाया नको.

सोमवार — वांगं. मंगळवार — छोले. बुधवार — पनीर (हे जास्तीच झालं). शुक्रवार — गुलाबजाम, दोन.

हे म्हणले, "राजेशाही हाय बाबा. माझ्या कंपनीत नुसती पाण्यासारखी डाळ." सासूबाईंनी आळीभर सांगितलं. आता म्हणत्यात, एक गुलाबजाम डब्यात घालून आण. मी म्हणले, गेटवर झडती घेत्यात.

कसं सुचतं मला, देव जाणे. स्वयंपाक करायला मिळाला असता तर सुगरण झाले असते.

९ फेब्रुवारी

जयमाला माझ्याच लाइनला. आज म्हणली, "सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, शनिवारी मारुतीचा. तेहतीस कोटी संपत आले बाई." अर्धी चपाती माझ्या हातात कोंबली, वर ठेचा. खाल्ली. रडू आलं, पण ठेच्यानं आलं म्हणले.

घरी सांगितलं — मटकी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. तनूला अंगणवाडीत नेलं. सावित्रीबाईंनी झोळीत घालून वजन केलं. काटा मागच्या महिन्याच्याही खाली. त्यांनी परत केलं. तेच.

"तू जेवतीस का गं नीट? दूध पुरतंय का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणल्या, "ती? कंपनीत पनीर खाती ती."

सावित्रीबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी तनूचं टोपडं बांधत बसले. सांगायचं व्हतं.

येताना सासूबाईंनी तनूला पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतला. पाण्यात कालवून भरवला. मायेनं करत्यात. त्यांच्यावर तरी काय रागवू?

१३ फेब्रुवारी

राजमा. आवाज बारीक येतोय म्हणून हे म्हणले, "जास्त खाल्लंस वाटतं."

तनू आता रडतबी न्हाई. नुसती बघती.

ठरवलं, उद्या रातच्याला सगळ्यांसमोर सांगायचं.

१४ फेब्रुवारी

लाइनवर पडले म्हणं. सिक्युरिटीच्या खोलीत निजवलंय, गाडी बोलावलीये. फोन गेटवर जमा. ज्याला ही वही सापडंल त्यानं माझ्या भावाला फोन करा, भैरू, तळवड्याला टेंपो चालवतो. नंबर मागच्या पुठ्ठ्यावर हाय. म्हणावं, ताई कंपनीत जेवत न्हाई, कधीच जेवली न्हाई. माझ्याकडं नको येऊ म्हणावं. आदी घरी जा अन् तनूला दवाखान्यात ने.