तापल्यावर उतरलेला आकडा

बाबा, आज मी एक आकडा खोडायला नकार दिला. तुम्हाला सांगायलाच हवं, कारण पहिला आकडा मी तुमच्या दुकानात खोडला होता. अकोल्याचं आपलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तेव्हा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी पेन्सिलीच्या शिशाला तुमच्या मीटरच्या दोन क्लिपा लावते आहे, खाली मेणबत्ती. शिसं तापतं आणि विजेला होणारा रोध कमी होत जातो. तो उतरता आकडा मी वहीत लिहिते. तुम्ही कॉइल खाली ठेवता. “उलटं वाचून राहिली तू. तार तापली का जास्त अडवते.” “मीटरले विचारा ना बाबा, मले काहून रागावता?” “जिंदगी गेली माही तांब्यात. खोड ते!” मी खोडलं. चढता आकडा लिहिला, पहिलं बक्षीस आणलं, आणि खुशीत तुम्ही तो मीटर मला देऊन टाकला.

आज अमरावतीच्या प्रयोगशाळेत माझ्यासमोर कार्बन नॅनोट्यूब होत्या. केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्या, भिंतीतले अणू जागोजागी निखळलेल्या. तापवल्या, आणि रोध उतरला. वरिष्ठ सर म्हणाले, “मॅडम, या खराब नळ्यांनी आलेख बिघडतो. लोक म्हणतील, मोजणीच चुकली. काढून टाका.” मी आतून उसळले, पण आवाज न चढवता त्यांना समजावलं. तांब्याची तार म्हणजे रुंद रस्ता, इलेक्ट्रॉन अडथळ्याच्या बाजूनं निघून जातो. ही नळी म्हणजे बाळापूरचा बोळ. मध्ये गाडा मोडून पडला की मागंच फिरायचं. असे दोष वाढले की इलेक्ट्रॉन दोन अडथळ्यांमध्ये अडकूनच बसतो, आणि नळी जितकी लांब तितकी सुटका अवघड. पण उष्णतेचा जो धक्का तांब्यात त्याला अडवतो, तोच इथे त्याला पुढच्या जागेवर उडी मारायचं बळ देतो. “मोडलेल्यांचा हा नियम आहे, सर. तो राहील, नाहीतर शोधनिबंधावरचं माझं नाव निघेल.” ते हसले. “मॅडम, ही सभा नाही.” “म्हणूनच हळू बोलले,” मी म्हटलं. उद्या ते माझं नाव काढतील. काढू देत.

इतकी वर्षं मी विज्ञानावरच्या भाषणांत सांगत आले, की माझ्या बापानं मला खरं खोडायला लावलं. टाळ्या पडतात. तुम्हाला लिहिलेला हा कागद मात्र तुम्ही दिलेल्या मीटरच्या डब्यात ठेवते आहे. तुम्ही दटावलंत आणि लगेच गिऱ्हाइकाकडे वळलात, बाबा. वहीकडे पुन्हा पाहिलंही नाही. खोडरबर माझ्या हातात होतं, आणि मला बक्षीस हवं होतं.